वस्तीतून आलेला सूर : पुण्याचे हिप-हॉप आणि त्याचे चाहते

सोल आणि हिप-हॉप हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलेले दोन संगीतप्रकार. पहिल्यात गळा मोकळा सोडून गायचे, दुसऱ्यात तालावर शब्द फेकायचे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दोहोंची इतकी सरमिसळ झाली आहे की आजचा रॅपर अर्धे गाणे बोलतो आणि अर्धे गातो. पुण्यातून या वाटेने निघून देशभर पोचलेला गायक म्हणजे एमसी स्टॅन. खरे नाव अल्ताफ शेख, जन्म १९९९ मधला, घर पुणे रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या ताडीवाला रोडवरचे. काटेकोर अर्थाने त्याला सोल गायक म्हणता येणार नाही. पण बोलता बोलता सुरात शिरणे, पश्चात्ताप, आईची आठवण, पैशाची ओढ हे सगळे एकाच गाण्यात आळवणे ही त्याची रीत सोल आणि हिप-हॉपच्या त्या मिश्र घराण्यातलीच आहे. पुण्यात, आणि पुण्याबाहेर महाराष्ट्रभर, त्याच्यामागे जो चाहतावर्ग उभा राहिला तो आजच्या मराठी शहरांबद्दल बरेच काही सांगतो.

हा चाहता फक्त ताडीवाला रोडवर सापडत नाही. शहराच्या पश्चिम टोकाला, मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागून असलेले मुळशी तालुक्यातले सूस हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. जुने गावठाण, त्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या बहुमजली सोसायट्या, त्या बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या आणि पलीकडे लवळ्याच्या टेकडीवरचे विद्यापीठ, असे चार थर तिथे शेजारी शेजारी नांदतात. चौघांची राहणी वेगळी, भाषा वेगळी, शाळा वेगळ्या. कानात मात्र अनेकदा एकच गाणे असते. रस्ता, नळ आणि बस पोचण्याच्या आधी मोबाइल पोचलेल्या अशा गावांत हिप-हॉप हे पोरांचे सामाईक संगीत झाले आहे, आणि ही साधी घटना नाही. एरवी याच चार थरांतली मुले एका मैदानावर खेळतानाही क्वचितच दिसतात.

हे संगीत इथवर आले कसे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भक्तिगीते टाळ्या वाजवत, आरोळ्या देत, एकाने सुरुवात करून साऱ्यांनी उचलून धरत गायली जात. १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी हा चर्चमधला जोश प्रेमाच्या आणि विरहाच्या गाण्यांत आणला, आणि सोल जन्माला आले. पुढच्या दशकात अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, जेम्स ब्राउन यांनी ते घराघरात नेले. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती, त्यामुळे ही गाणी ऐकणारा माणूस नुसता करमणूक करून घेत नव्हता. आपल्या माणसाचा आवाज रेडिओवर वाजतो आहे, याचा अभिमानही तो मिरवत होता. गायकाच्या यशात आपले यश पाहणारा चाहता तिथून सुरू होतो.

हिप-हॉपची जन्मतारीख तर नेमकी सांगितली जाते : ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने बहिणीच्या पार्टीसाठी तबकड्या वाजवल्या. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते गाण्यातला आवाज थांबून नुसता ताल उरतो तेव्हा, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवू लागला. त्या लांबलेल्या तालावर कोणी तरी यमके जुळवत बोलू लागले, आणि रॅप आकाराला आले. वाजवायला वाद्ये घेण्याची ऐपत नसलेल्या वस्तीने जुन्या तबकड्यांतूनच नवे वाद्य बनवले होते. त्या तबकड्यांत सोलची गाणी मोठ्या संख्येने होती. जेम्स ब्राउनच्या एका गाण्यातला क्लाइड स्टबलफिल्ड या ढोलवादकाचा काही सेकंदांचा तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांचा पाया झाला. म्हणजे सोल आणि हिप-हॉप यांचे नाते पहिल्यापासूनच घट्ट आहे.

ते नाते एका गळ्यात उतरले १९९० च्या दशकात. मेरी जे. ब्लाइजचा पहिला अल्बम १९९२ मध्ये आला आणि हिप-हॉप सोल हे नाव रूढ झाले. लॉरिन हिल तर दोन्हीत सारखीच तयार होती. फ्युजीस या त्रिकुटातून पुढे आलेल्या हिलने १९९८ मध्ये स्वतःचा एकमेव स्टुडिओ अल्बम काढला. १९९९ च्या ग्रॅमी समारंभात तिला पाच पुरस्कार मिळाले आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान प्रथमच हिप-हॉपच्या वाट्याला आला. पंचवीस वर्षे उलटली तरी त्या एका अल्बमच्या बळावर जगभरचे चाहते तिच्या कार्यक्रमांना जातात, तासन्‌तास वाट पाहतात. आपल्याकडच्या रसिकाला यात अपरिचित काही नाही. १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसकण मारून बसणारा पुणेकर आणि विठाबाई नारायणगावकरांचा फड ज्या जत्रेत जाईल त्या जत्रेला बैलगाडी जुंपणारा शेतकरी हे दोघेही याच जातकुळीचे रसिक होते.

सोल गायला गळा लागतो, आणि गळा सगळ्यांना मिळत नाही. ही अडचण एका यंत्राने सोडवली, निदान वळवली. तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या ध्वनिलहरींचे विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड या अभियंत्याने १९९७ मध्ये ऑटोट्यून ही संगणकप्रणाली बाजारात आणली. गाताना सूर किंचित घसरला तर तो जवळच्या शुद्ध स्वरावर नेऊन बसवणे, एवढेच तिचे काम. पण ही दुरुस्ती अगदी तत्काळ करायला लावली तर दोन स्वरांमधली मींड नाहीशी होते आणि आवाज पायऱ्या चढल्यासारखा, काहीसा धातूचा, थरथरता येऊ लागतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेने हा परिणाम मुद्दाम वापरला. पुढे टी-पेनने त्यावर कारकीर्द उभी केली आणि २००८ मध्ये कान्ये वेस्टने संपूर्ण दुःखी अल्बम त्यात गायला. दुरुस्तीचे साधन भावनेचे साधन झाले. ऑटोट्यून म्हणजे लबाडी, असे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घरांत सर्रास म्हटले जाते. ते पुरेसे खरे नाही. सूर दुरुस्त होतो, पण काय गायचे, कुठे थांबायचे, कुठला शब्द तुटू द्यायचा, हे यंत्र ठरवत नाही.

एमसी स्टॅनच्या गाण्याचा पोत या तंत्रावर उभा आहे. त्याच्या आवाजात मुळात फार ताकद नाही. तो किंचित नाकात, थोडा कुरकुरल्यासारखा गातो आणि ऑटोट्यून त्या कुरकुरीला लांबवते. खाली रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या तालयंत्राचा घुमारा असतो. डग्ग्यावर तळहात दाबून घुमवावा तसा तो खोल उतरतो. वर झांजांचा बारीक, घाईचा कट. या दोहोंमध्ये शब्दांना भरपूर मोकळी जागा मिळते, आणि तीच या शैलीची खरी सोय आहे. लहानपणी आपण कव्वाली गायचो, असे स्टॅनने सांगितले आहे. ओळ पुन्हा पुन्हा घोळवून तिची नशा चढवण्याची त्याची सवय ऐकली की तिचा कव्वालीशी असलेला संबंध कानाला लगेच पटतो.

त्याचा प्रवास मोठ्या कंपनीच्या दारातून झाला नाही. २०१८ मध्ये ‘वाटा’ हे गाणे आले. मुंबईच्या एमिवे बंटाय या आधीच नावारूपाला आलेल्या रॅपरलाही त्याने गाण्यातून डिवचले. प्रतिस्पर्ध्याला नाव घेऊन आव्हान देणे ही हिप-हॉपची जुनी रीत आहे, आणि कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांवर पोसलेल्या मुलखात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. २०१९ मध्ये ‘खुजा मत’ गाजले. ‘अस्तगफिरुल्लाह’मध्ये तोच शिवराळ पोरगा आपल्या चुकांची कबुली देताना ऐकू येतो, सोलचा धागा शोधायचा तर तो या गाण्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम आला, २०२२ मध्ये ‘इन्सान’. तोवर वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती, पण गाणी मोबाइलवरून वस्त्यावस्त्यांत पोचली होती.

मग ‘बिग बॉस’ आले. हा कार्यक्रम त्याला मानवत नव्हता, हे उघड दिसत होते. तो कोपऱ्यात बसायचा, घरी जायचे म्हणायचा. प्रेक्षकांच्या मतांवर विजेता ठरणाऱ्या या स्पर्धेत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तो सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. बक्षीस ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे. हिंदी वाहिनीच्या अंतिम फेरीत शेवटचे दोघेही महाराष्ट्राचे, आणि दोघेही साध्या घरांतले. स्टॅनला मिळालेली मते ‘बिग बॉस’च्या घरातल्या त्याच्या वागण्यापेक्षा आधीच्या पाच वर्षांच्या गाण्यांची होती, असेच म्हणावे लागेल. मालिकांतल्या परिचित चेहऱ्यांना मागे टाकणारी ही फौज आली कुठून, हा प्रश्न ज्यांना तेव्हा पडला, त्यांनी मधल्या काळात आपल्याच शहरातल्या पोरांच्या कानाला लागलेले हेडफोन पाहिले नव्हते.

या चाहत्यांना नेमके काय भावते? पहिले कारण बोली. स्टॅन हिंदीत गातो, पण ती दिल्लीची हिंदी नाही. स्टेशन, कॅम्प, कोंढवा, येरवडा या पट्ट्यात बोलली जाणारी, दख्खनी वळणाची आणि मराठी शब्दांनी खच्चून भरलेली ती पुण्याची हिंदी आहे. ‘नुस्ता पैसा’ हे त्याच्या एका गाण्याचे नावच त्याचा दाखला. ‘हक से’, ‘शेमडी’ असे त्याचे शब्द पोरांनी उचलले आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ते मराठी वाक्यांत सहज मिसळले. पुण्याची म्हणून जी भाषा पुस्तकांत आणि नाटकांत मिरवली गेली ती सदाशिव पेठेची. ताडीवाला रोडच्या भाषेला रेकॉर्डवर जागा मिळाली ती अशी.

दुसरे कारण म्हणजे पैसा आणि त्याचे उघड प्रदर्शन. गळ्यातली जाड साखळी, अंगावरचे ढगळ कपडे, डोळ्यांवरचा गॉगल. ‘बिग बॉस’मध्ये त्याने उल्लेख केलेले ८० हजारांचे बूट चाहत्यांच्या तोंडी बोलीसारखे रुळले. मध्यमवर्गीय घरांना हे उथळ वाटते. पण ज्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात, त्या घरातल्या मुलाला आपल्यासारख्याच खोलीतून निघालेल्या माणसाच्या पायात ते बूट दिसतात, तेव्हा तो बुटांची किंमत पाहत नाही. तो अंतर मोजतो. हिप-हॉपमधल्या साखळ्या आणि मोटारी जगभर हेच सांगत आल्या आहेत. त्या दिखाव्याची नक्कल करताना कर्ज काढणारी मुलेही आहेत, आणि ही काळजीची बाब आहे. तिचे कारण समजून घेतले तरच त्या मुलांशी बोलता येईल.

चाहत्यांच्या वागण्याची एक ठरावीक पद्धत आहे. नवे गाणे येण्याआधी त्याचा काही सेकंदांचा तुकडा समाजमाध्यमांवर येतो. गाणे आले की पहिल्या तासात ते ऐकून शब्द उतरवून घेतले जातात, कोणाला टोमणा मारला आहे याचे तर्क लढवले जातात, आवडत्या ओळीवर स्वतःचे छोटे व्हिडिओ बनवले जातात. गायक विमानतळावर दिसला, केस कापले, कोणाला तरी शिव्या दिल्या, या सगळ्याची नोंद राहते. गाण्याला मिळालेले प्रेक्षक हा चाहत्यांच्या इभ्रतीचा प्रश्न असतो, म्हणून रात्रभर गाणे चालू ठेवणारेही असतात. यात वेळ जातो, कधी भांडणेही होतात. दोन रॅपरांच्या चाहत्यांमधली शिवीगाळ काही वेळा गायकांच्या आपसातल्या वैरापेक्षा जास्त काळ टिकते.

पण या सगळ्याच्या आड एक फार चांगली गोष्ट घडते, आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते : ऐकणारा लिहू लागतो. बागेत, नदीकाठी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पाच-सात मुले वर्तुळ करून उभी राहतात. एकाच्या हातात ब्लूटूथ स्पीकर, त्यावर यूट्यूबवरून लावलेला नुसता ताल. स्पीकर नसला तर एक जण ओठांनी आणि घशाने ताल धरतो. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सोळा ओळी. प्रत्येक ओळीत चार ठोके, आणि चौथ्या ठोक्यावर यमक पडलेच पाहिजे. ओळ चुकली तर थांबायचे नाही, पुढची पकडायची. जोरदार ओळ पडली की सगळे वर्तुळ एकदम ओरडते आणि मागे सरते. याला सायफर म्हणतात. यात उभे राहण्यासाठी तिकीट लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही, आणि जात, शाळा, माध्यम कोणी विचारत नाही.

या ओळी मोबाइलच्या नोंदवहीत लिहिलेल्या असतात, आणि त्या लिहिणे वाटते तितके सोपे नाही. शेवटी यमक जुळवणे हे पहिलीतले काम. मुरलेला पोरगा ओळीच्या पोटातही यमक पेरतो. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत पाण्याच्या टँकरचा विषय रोजचाच. ‘टँकर’ला ‘अँकर’ आणि ‘बँकर’ जुळवून तो थांबत नाही, ‘अंगभर’सारखे पूर्ण मराठी शब्द शोधून ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे बसवतो. शब्दांची मात्रा मोजणे, अर्ध्या मात्रेत शब्द कोंबणे, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवणे, हे सगळे तो वृत्तांचे नाव न ऐकता शिकतो. मराठीच्या तासाला बाकावर डुलक्या घेणारा मुलगा रात्री बारापर्यंत एका शब्दासाठी अडून बसतो, हे मराठीच्या शिक्षकांनी आवर्जून पाहावे असे दृश्य आहे.

मुंबईत ही लाट थोडी आधी आली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर चित्रित केले. अंधेरीच्या डिवाइनबरोबरचे त्याचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आले. त्याच वर्षी धारावीत मुलांना हिप-हॉप शिकवणारा ‘धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ सुरू झाला. झोया अख्तरचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि वस्तीतला रॅपर मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. या चित्रपटाच्या गाण्यांत सामील असलेला काम भारी म्हणजे कुणाल पंडागळे. आडनाव मराठी, रॅप हिंदी. हा प्रकार इतका सर्रास दिसतो की मराठी बोलणारे रॅपर मराठीत का गात नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर बरेचसे बाजारात आहे. हिंदी गाण्याला देशभरचा श्रोता मिळतो, आणि वस्तीतल्या मिश्र मित्रमंडळींची सामाईक भाषाही हिंदीच असते.

तरी मराठीत झालेले काम थोडे नाही, आणि काही ठिकाणी ते हिंदीपेक्षा धारदार आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये, आरेच्या जंगलातल्या वृक्षतोडीवरून वातावरण तापलेले असताना, या गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. याच गटातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, तेव्हा भाषेच्या भिंती न पाहता चाहते हळहळले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी ठसक्यात गातो. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांच्या ‘तांबडी चामडी’ या गाण्यावर मराठी न समजणारेही नाचले; ते रॅपपेक्षा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात जास्त मोडते, पण मराठी बोल त्या तालावर शोभतात हे त्याने दाखवून दिले.

महाराष्ट्राला कृष्णवर्णीयांची ही परंपरा अचानक भेटलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. ब्राँक्समध्ये हिप-हॉप जन्मले ते बरोबर शंभर वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर स्थापन केली होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे अमेरिकेहून परतल्यावर तिथल्या कृष्णवर्णीय साहित्याची ओळख विद्यार्थ्यांना करून देत होते. आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गीते, अण्णा भाऊ साठ्यांची शाहिरी, विठ्ठल उमपांचा पहाडी गळा हे सगळे वस्त्यांच्या कानात आधीपासून होते. जे सोसले ते तालावर, हजारोंसमोर, मान वर करून सांगायचे, ही शिकवण रॅपने आणलेली नाही. ती इथे होतीच. म्हणूनच मराठी रॅप जेव्हा शाहिरीच्या जवळ जाते तेव्हा ते सर्वांत आपले वाटते.

प्रत्यक्ष कार्यक्रमांची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या महोत्सवाने खुल्या मैदानात अनेक मंचांवर स्वतंत्र कलाकार ऐकण्याची सवय लावली. एकदा तो मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी परिसरातही भरला. महाराष्ट्रात जगातले मोठे रॅपर मात्र बहुतेक मुंबईलाच येतात. फिफ्टी सेंट नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गायला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट महालक्ष्मी रेसकोर्सवर आला आणि त्याच आठवड्यात खारघरला ‘रोलिंग लाउड’ हा हिप-हॉपचा महोत्सव झाला. सूस-बाणेरच्या मुलांना चांदणी चौकात किंवा वाकडला मुंबईची बस मिळते, पण त्या तिकिटांचे दर वस्तीतल्या मुलाच्या आवाक्यातले नसतात. ज्या वर्गाने हे संगीत घडवले तोच त्याच्या मोठ्या मैफलीबाहेर राहतो, ही खंत अमेरिकेतही आहे आणि इथेही.

स्टॅनच्या कार्यक्रमांभोवती वाददेखील झाले. मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी शिवराळ शब्दांवरून बंद पाडला. चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्याची बाजू लावून धरली. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत अश्लील शब्दांचे रॅप चित्रित झाल्याचे उघड होऊन पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास राज्यातल्या सत्तांतरावर टीका करणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या एका मराठी रॅपरवरही गुन्हा नोंदवला गेला. या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. सत्तेवरची टीका हे शाहिराचे कामच आहे आणि तिच्यासाठी पोलिसांना बोलावणे हे लोकशाहीला शोभत नाही. परवानगी न घेता विद्यापीठाच्या वास्तूत चित्रीकरण करणे हा शिस्तीचा प्रश्न आहे. आणि स्त्रियांवरून दिलेल्या शिव्या हा तिसराच, जास्त गंभीर प्रश्न आहे. स्टॅनच्या गाण्यांत त्या आहेत, आणि त्याच्या चाहत्यांनी त्या वस्तीची बोली म्हणून झाकू नयेत. वस्तीत आईबहिणीही राहतात. कल्याणची डी एमसी म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, किंवा माही जी, यांनी तोच ताल आणि तीच रस्त्यावरची भाषा वापरून कोणालाही न हिणवता गाणी केली आहेत. अरेथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये पुरुषाचे गाणे उचलून त्यात स्त्रीच्या मानाची मागणी भरली. सोलचा वारसा सांगणाऱ्याने तोही वारसा उचलायला हवा.

प्रभाव मोजायचा तर प्रेक्षकांच्या आकड्यांपेक्षा लिहू लागलेल्या मुलांकडे पाहावे. त्या दृष्टीने पुण्याचे देणे मोठे आहे, पण एक उणीव ठळक आहे. पुण्याने हिंदीला एमसी स्टॅन दिला; मराठीत त्या उंचीचा, गळ्याने आणि शब्दाने दोन्हींनी जिंकणारा गायक पुण्याने अजून दिलेला नाही. तो येईल तो बहुधा कोणत्या तरी सायफरमधूनच येईल, आणि सायफरला जागा लागते. आज ही मुले पार्किंगमध्ये उभी राहिली की सुरक्षारक्षक हाकलतो, बागेत उभी राहिली तर फाटक बंद होण्याची वेळ होते. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. तो नियम योग्यच आहे आणि मुलांनीही तो पाळला पाहिजे. पण सूस, म्हाळुंगे, बावधन अशा नव्याने शहरात आलेल्या गावांत समाजमंदिरे आहेत, शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. ग्रामस्थांनी, सोसायट्यांनी आणि महापालिकेने आठवड्यातून एक संध्याकाळ, सात ते नऊ, त्यांतली एखादी खोली या मुलांसाठी उघडी ठेवावी. खर्च एका दिव्याचा आणि एका पंख्याचा आहे. आणि ज्या वाचकाच्या घरात असे गाणे वाजते, त्याने दार लावून घेण्याआधी एकदा आत जाऊन बसावे आणि मुलाला त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी म्हणून दाखवायला सांगावे.